तारेवरून सुटल्यानंतर

माझा उजवा हात कोपराखाली चार बोटं उरला आहे. बाजारात नवा माणूस भेटला की तो आधी हाताकडे पाहतो, मग तोंडाकडे, आणि विचारतो, "मशीनमंदी गेला का जी?" मी हो म्हणून मोकळा होतो. खरं सांगायला वेळ लागतो. इथे तो वेळ घेतो आहे, कारण बिजलीचं काम आता आमच्या भागातही वाढत चाललं आहे आणि तारेला चिकटून जिवंत राहिलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मला त्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं.

मी वामन. आमचं गाव शेलूबाजारजवळ. सातवी झाल्यावर नागपूरला एका बिजलीच्या दुकानात तीन वर्षं राहून वायरमनचं काम शिकलो आणि वाशीमच्या एका जिनात लागलो. कापसातली सरकी वेगळी करायचा तो कारखाना. तेलावर चालणारं मोठं इंजिन होतं आणि त्याच्या पट्ट्यावर एक डायनामो फिरायचा. आवारातले दिवे आणि विहिरीवरचा पंप त्या डायनामोवर चालायचे. ते सांभाळणं माझं काम. वाशीमात तेव्हा घरोघर कंदील होते. संध्याकाळी आमच्या जिनाचे दिवे लागले की लोक फाटकाशी येऊन उभे राहायचे. मी खटका लावायचा आणि आवार उजळायचं. खोटं कशाला सांगू, मला त्याची घमेंड होती.

इंजिनावर शेख महबूब होता, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. कापूस उलटायला आणि गिरण्यांवर टाकायला बायका होत्या, बऱ्याचशा मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून हंगामापुरत्या आलेल्या. त्यांतल्या एकीचं नाव सोमली. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची बंजारा बाई. तोवर मी तिच्याशी चार शब्दही बोललो नव्हतो.

*

माघ महिना होता. लढाईचे दिवस, नवी तार मिळत नव्हती. पंपाकडे जाणारी तार टिनाच्या भिंतीवर घासून घासून तिच्यावरचं रबर आणि सूत निघालं होतं. मी दोन ठिकाणी फडकं गुंडाळून दिवस काढत होतो. त्या दिवशी दुपारी पंप अडखळायला लागला. जिनात आगीची भीती फार, म्हणून पाण्याचा हौद सदा भरलेला लागायचा, आणि त्याच दिवशी तपासणीला साहेब येणार होता. मॅनेजर दोनदा ओरडून गेला.

नागपूरच्या उस्तादांनी आम्हाला एकच गोष्ट मारून-मुटकून शिकवली होती. तारेला हात लावण्याआधी मेन खटका काढून बिजली तोडायची, फ्यूज काढायचा आणि तो फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवायचा. दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायचा नाही. पण खटका इंजिनघरात, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. पंप बंद केला की हौद भरायचा थांबणार, आणि मॅनेजर पुन्हा ओरडणार. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. असं मी आधीही केलं होतं, पाच-सहा वेळा तरी.

हौदाभोवती चिखल होता. मी अनवाणी होतो. तोल सावरायला डाव्या हातानं पाण्याचा लोखंडी नळ धरला आणि उजव्या हातानं लोंबती तार वर ढकलायला गेलो.

पुढचं लोकांना वाटतं तसं नव्हतं. फेकला गेलो नाही, किंचाळलो नाही. हात आपणहून मिटला आणि मी ज्या तारेला नुसता धक्का देणार होतो ती तार मुठीत घट्ट धरून उभा राहिलो. सोडायचं होतं, पण माझंच मनगट माझं ऐकेना. दातांवर दात बसले होते. छातीत कोणी पाय देऊन उभं राहावं तसा श्वास अडकला होता. आणि डोळे मात्र उघडे होते. महबूब माझ्याकडे चालत येताना मला दिसला. तो काहीतरी विचारत होता, मी उत्तर देत नव्हतो. मग त्याला कळलं आणि तो धावला. त्यानं माझा खांदा धरला आणि तोच बाजूला जाऊन आदळला. ते पाहून उरलेली माणसं मागे सरली. कोणी ओरडलं, "हात नका लावू! हात नका लावू!" महबूब उठला आणि इंजिनघराकडे पळत सुटला. तो इतका लांब पळत जाताना मी पाहत होतो. हा पोचेपर्यंत आपण राहत नाही, एवढं मला स्वच्छ समजलं.

भोवती पन्नास माणसं होती. त्यांतला प्रत्येक जण माझ्याकडे पाहत होता आणि मी एकटा होतो. इतकं एकटं मला आयुष्यात त्यानंतरही कधी वाटलं नाही, आणि त्यानंतर एकटेपणाचे पुष्कळ दिवस आले.

सोमली कापसाच्या ढिगावरून उतरली. तिच्या हातात कापूस उलटायचा बांबू होता, उन्हात वाळून खडखडीत झालेला. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला. तिचे डोळे मोठे झालेले मला दिसले. तिनं माझ्या मनगटावर मारलं. मग पुन्हा. तिसऱ्या फटक्याला मूठ उघडली आणि मी चिखलात पडलो. पुढचं मला आठवत नाही.

*

शुद्ध आली ती वाशीमच्या दवाखान्यात. तिथून दुसऱ्या दिवशी मला रेल्वेनं अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोबत जिनाचा एक हमाल होता. मला खाटेवर घालून तो परतीच्या गाडीनं निघून गेला.

हात कापडात बांधलेला. मला वाटत होतं, मनगट मोडलंय आणि थोडं भाजलंय, महिन्याभरात कामावर. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोटं आत वळून चिमणीच्या पायासारखी झाली होती, आणि रंग असा की मी मान फिरवली. डॉक्टर म्हणाले, "तिकडेच पाहत राहा. मी सुई टोचतो. कळलं की सांगायचं."

मी भिंतीकडे पाहत होतो. थोड्या थोड्या वेळानं "हं" म्हणत होतो. अंदाजानं. एकदा, दोनदा, पाचदा. मला वाटलं, पुरेशा वेळा "हं" म्हटलं तर हात वाचेल.

डॉक्टर म्हणाले, "वामन, पहिल्या खेपेनंतर मी टोचलंच नाही."

त्यांनी खाटेच्या कडेला बसून समजावलं. बाहेरची कातडी दिसते त्याहून आतलं फार जळालेलं आहे. बिजली आतून जाते, जाताना शिरा आणि मांस जाळत जाते. मनगटाचं हाड मोडलंय ते खरं, पण हाड जोडता येतं. हात गेला तो त्याआधीच, तारेवर. आता तो ठेवला तर सडेल आणि तुला घेऊन जाईल.

"घरचं कोणी येणार आहे का? सही लागेल."

मी म्हणालो, "नाही. मीच देतो." आणि मग लक्षात आलं की सही करायचा हात तोच. डाव्या अंगठ्याला शाई लावली. सात इयत्ता शिकून मी आयुष्यात पहिल्यांदा अंगठा दिला.

*

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी चार ते सहा. माझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं भरलेली असायची. कोणी भाकरी सोडतंय, कोणी पाय चेपतंय, कोणी गावच्या बैलाचं सांगतंय. माझ्याकडे कोणी येणार नव्हतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, बायको सुंदरा त्यांना सोडून कशी येणार? हंगाम चालू, म्हणून जिनातलंही कोणी नाही. पहिले दोन दिवस मी दरवाजाकडे पाहत राहिलो. तिसऱ्या दिवसापासून चार वाजले की डोळे मिटून पडायचो. झोपलेल्या माणसाची कोणी कीव करत नाही.

एकदा शेजारच्या म्हाताऱ्याची सून हळूच म्हणाली, "बिचाऱ्याचं कोनीच नाई वाटते."

म्हातारा म्हणाला, "बिजलीनं धरलेला हाये. घरचे भेत असतीन. आंगात राह्यते म्हंते ते."

हे मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. बिजली अंगात राहते. मग माझ्या ध्यानात यायला लागलं की पाणी देणारी बाई पेला माझ्या हातात न देता खाटेच्या लोखंडी कडेवर ठेवते आणि पटकन हात मागे घेते. मी स्वतः वायरमन. बिजली माणसाच्या अंगात साठून राहत नाही हे मला माहीत होतं. तरी एका दुपारी मी डाव्या हाताचं बोट हळूच खाटेच्या लोखंडाला लावून पाहिलं.

आणखी एक गोष्ट कोणाला सांगता आली नाही. हात कापल्यावरही बोटं दुखत होती. नसलेली बोटं. मूठ अजून मिटलेली होती, नखं तळव्यात रुतत होती, आणि ती उघडायला मूठच नव्हती. मला वाटलं, आपलं डोकं फिरलं. गप्प राहिलो. पुढे डॉक्टरांनीच विचारलं, "बोटं दुखतात का रे?" मला रडू आलं. ते म्हणाले, सगळ्यांचं होतं, हळूहळू कमी होतं. वाचणाऱ्यांत कोणाचं असं होत असेल तर त्यानं लगेच सांगावं. माझे तीन आठवडे फुकट भीतीत गेले.

दवाखान्यात गणपत नावाचा न्हावी दर बुधवारी यायचा. त्यानं पहिल्या खेपेला काही न विचारता माझ्या हनुवटीखाली हात घातला, तोंड उजेडाकडे वळवलं, दोन्ही गालांना साबण चोळला. दाढी झाल्यावर ओल्या तळव्यानं कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आता मान्सात आला पाह्य." अपघातानंतर पट्टी बांधण्याव्यतिरिक्त मला हात लावणारा तो पहिला माणूस. मी बुधवार मोजायला लागलो.

*

अठराव्या दिवशी चार वाजता मी डोळे मिटून पडलो असताना कोणीतरी नाव घेऊन हाक मारली. जिनाचे हेडकारकून. हातात संत्र्यांची पिशवी. मला इतका आनंद झाला की मी उठून बसायला गेलो आणि नसलेल्या हातावर टेकलो.

ते बसले. संत्रं सोलून दिलं. जिनाचं सांगितलं, हंगाम चांगला आहे म्हणाले. मग कागद काढला.

"वरती कळवावं लागतं. खटका काढला होता का तू?"

मी संत्र्याची फोड तोंडात टाकली.

"नव्हता असं लिहिलं, तर कामात कसूर म्हणून तुझं नावच उडवतील. मॅनेजर तसंही चिडलेत. दुसरं असं लिहिता येईल, की बिजलीचा झटका बसला, आणि त्या बंजारणीनं काठीनं मारून हात मोडला, म्हणून तो कापावा लागला. तिनं मारलं हे तर खरं आहे ना?"

"खरं आहे."

"मनगट मोडलं हेही खरं?"

"हो."

"मग झालं. हंगामानंतर फाटकावर जागा आहे, ती तुला देववतो."

डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी म्हणू शकतो की मला ताप होता. ताप तेव्हा उतरलेला होता. नोकरीची भीती होती, ती खरी. पण आज मनाशी चाचपून पाहतो तेव्हा दुसरंही कारण सापडतं. अठरा दिवसांत माझ्याकडे आलेला तो पहिला माणूस होता. नाही म्हटलं तर तो उठून जाईल, अजून सहा वाजायला पुष्कळ वेळ होता. मी अंगठा दिला. ते दहा मिनिटं आणखी बसले आणि गेले.

*

महिन्यानं सुंदरा आली, तिच्या भावाला घेऊन. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. पदर तोंडाला लावलेला. मी म्हटलं, "जवळ ये." ती एक पाऊल पुढे आली आणि थांबली. गावात तिला बजावलं होतं, सवा महिना हात लावायचा नाही. मी तिच्यावर चिडलो. तिनं आणलेला डबा न उघडता परत दिला. ती गेल्यावर तासभर मी त्या डब्यात काय असेल याचा विचार करत होतो.

चैत्रात मला सोडलं. वाशीमच्या गाडीत लोखंडी दांड्याला धरवेना, म्हणून सगळा रस्ता खाली पोत्यावर बसून आलो. जिनाच्या मागच्या खोलीत माझं बिऱ्हाड होतं; वडिलांना भावाकडे सोपवून सुंदरा तिथे येऊन राहिली होती. पहिल्या सकाळी मी धोतर नेसायला घेतलं. एका हातानं निऱ्या होईनात. तीनदा घसरलं. सुंदरा चुलीपाशी बसून पाहत होती. चौथ्यांदा मी धोतर जमिनीवर फेकलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ती उठली. तिनं डोळे गच्च मिटले. निरी घातली, खोचली. मग डोळे उघडून स्वतःच्या हातांकडे पाहत म्हणाली, "अजी, काहीच नाई झालं."

"होणार होतं का काही?"

"मले काय मालूम? समदे म्हनत होते." आणि ती खाली बसून रडायला लागली. महिनाभराचं रडणं असावं ते. त्या दिवसापासून घरात कोणी माझ्यापासून लांब राहिलं नाही. बाहेर मात्र लोक राहिले.

*

महबूब मला भेटायला आला नव्हता. जिन बंद झालं होतं, तो इंजिन खोलून साफ करत होता. मीच गेलो. मला वाटलं होतं, तो गळ्यात पडेल. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, माझ्या हाताकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "दुखते का?"

"कमी आहे आता."

"बरं. बैठ." तो तेलाचं फडकं हातात फिरवत राहिला. "सोमलीले काढलं. तुले मालूम हाये?"

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण ऐकून आश्चर्य वाटलं असंही म्हणता येत नाही.

"मॅनेजरनं साऱ्या बायांसमोर तुह्या अंगठ्याचा कागद वाचून दाखवला. हिनं मारून मान्साचा हात तोडला म्हने. ते बाई गप उभी राह्यली. एक लफ्ज बोलली नाई. मी म्हटलं, साहब, झूट हाये हे. तं मले म्हंते, वामननं खुद लिहून देल्लं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मी खटक्यापर्यंत पोचलो तवा तू खाली पडेल होता, वामन. मी उशिरा पोचलो. तिच्या भरवशावर तू जिता हाये. असं काहून केलं तू?"

मी उठून उभा राहिलो. तो पुन्हा पान्याकडे वळला.

पंधरा दिवस मी फाटकावर बसलो. काम काही नव्हतं, आवार रिकामं. ज्या खांबांवर मी दिवे लावले होते तिकडे पाहवत नव्हतं. मान खाली घालून बसायचो. दुखणं कमी होत होतं, झोप लागत नव्हती. शेवटी एका सकाळी सुंदराला सगळं सांगितलं, कारकुनाच्या संत्र्यांपासून.

ती तांदूळ निवडत होती. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "हे मले कायले सांगता? तिले सांगा ना."

*

मंगरूळपर्यंत मोटार मिळाली. तिथून एका बैलगाडीनं, आणि शेवटचे दोन कोस पायी. वैशाखाचं ऊन. तांड्यावर पोचलो तेव्हा दुपार उतरत होती. नायकाच्या दारापुढे लिंबाखाली माणसं बसली होती. सोमलीचं नाव काढताच ती माझ्याकडे वळून पाहायला लागली. मी हात पुढे केला, तेव्हा मी कोण ते त्यांना कळलं.

सोमली झोपडीमागे लाकडं फोडत होती. तिनं मला पाहिलं आणि कुऱ्हाड हळूच खाली ठेवली. ती वाळली होती. तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"बिजलीवाला," ती म्हणाली.

"हो बाई. मी वामन."

तिची नजर माझ्या कोपराखाली गेली ती तिथून हलेना. मग तिनं विचारलं, "एवढ्या जोरानं मारलं का मी?"

माझ्याकडे वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं होती. मी माफी मागणार होतो, नोकरीचं सांगणार होतो. पण ती चिडलेली असेल असं मी धरून चाललो होतो. माझ्या अंगठ्याच्या कागदावर तिचा विश्वास बसला असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

ती सांगायला लागली. "मले वाटलं, त्या महबूबनं हातानं धरलं तं तो फेकल्या गेला. म्हनलं, हातानं धरू नये, काठीनं सोडवू. पयलं हळू मारलं. सुटला नाई. मंग जोरात मारलं. तिसरं लई जोरात बसलं, मले मालूम हाये. कडकन वाजलं. तो आवाज जात नाई कानातून. जवान मानूस, कमावता हात. माह्या नवऱ्यानं म्हनलं, जाऊ दे. कशी जाऊ दे?" तिनं डोळे पुसले नाहीत. "आता काठी हातात घेतली का हात कापते माहा. बकऱ्याही हाकता येत नाई मले."

मी तिथेच मातीत बसलो. म्हणालो, "बाई, ऐका. हात तुमच्या मारानं नाही गेला. डॉक्टरांनी मला साफ सांगितलं. मनगट मोडलं होतं, ते जोडता आलं असतं. हात त्याआधीच तारेवर आतून जळून गेला होता. तुम्ही मारलं नसतं तर मी उभ्या उभ्या मेलो असतो. खटका मी काढला नव्हता. चूक माझी होती आणि नोकरीसाठी ती मी तुमच्या नावावर घातली."

 कोंबड्या लाकडांच्या ढलप्यांत टोचत होत्या. मग तिचा जुना आवाज परत आला, इतका मोठा की पुढच्या दारची माणसं उठून आली.

"डाक्टरनं कवा सांगतलं तुले हे?"

"चौथ्या दिवशी."

"चौथ्या दिवशी! अन् मले सांगाले तुले वैशाख लागला?"

मी मान खाली घातली. तिनं मला आणखी पुष्कळ काही ऐकवलं, अर्धं तिच्या बोलीत, जे मला कळलं नाही आणि कळलंही. नायक मधे पडायला आला तर त्यालाही तिनं थांबवलं. बोलून झाल्यावर दम लागून ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली. मग म्हणाली, "ऊठ. हेच आता त्यायच्यासमोर सांग. माह्या पोराच्या सासरकडचे बी बसले हायेत थ्या लिंबाखाली. समद्यायसमोर सांग."

मी सांगितलं. लिंबाखाली, उभं राहून, पहिल्यापासून. नायकानं दोनदा विचारलं, "म्हंजे खटका काढनं तुहं काम होतं?" मी दोन्ही वेळा हो म्हटलं. ते संपल्यावर सोमलीनं मला ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा दिला. ताट माझ्या मांडीवर ठेवलं, आणि एका हातानं भाकर तुटत नाही हे पाहून शेजारी बसून तिनं ती मोडून दिली. रागातच होती अजून.

*

दिवाळीनंतर जिन सुरू झालं, तेव्हा पहिल्याच सकाळी मी बायका आत येताना फाटकावर उभा राहून हेच सांगितलं, मॅनेजर ऐकत असताना. महबूब इंजिन थांबवून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. मॅनेजर पाठ फिरवून आत गेला. आठ दिवसांनी मला कळवण्यात आलं की फाटकावर दोन हातांचा माणूस हवा आहे. सुंदरानं सामान बांधलं. ती म्हणाली, गावी चला, आणि आम्ही गेलो.

सोमलीला परत बोलावणं गेलं होतं. ती आली नाही. त्या वर्षी ती कारंज्याच्या एका जिनात लागली.

मी डाव्या हातानं लिहायला शिकलो. तार ओढणं जमत नाही, पण तार कुठून जावी, कुठे घासेल, कुठे भिजेल, हे सांगायला एक हात पुरतो. महबूबच्या ओळखीनं मला अशी कामं मिळायला लागली. जिथे जातो तिथे आधी खटका दाखवायला सांगतो. काम चालू असताना फ्यूज ज्याच्या खिशात नाही त्याला मी शिडीवर चढू देत नाही. ओल्या जमिनीवर उभ्या माणसाला उतरवतो, पायाखाली कोरडी फळी टाकायला लावतो. आणि कोणी तारेला चिकटला तर त्याला हात लावू नका, खटका जवळ असेल तर आधी तो, नसेल तर कोरड्या लाकडानं सोडवा, आणि स्वतः कोरड्यावर उभे राहा, हे मी मॅनेजरला नाही, कापूस उलटणाऱ्या बायकांना आणि हमालांना सांगतो. वेळेला जवळ तेच असतात. लोक कंटाळतात. कंटाळू देत.

बाकी एकटेपण पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही. थंडीत अजूनही ती मूठ मिटते आणि कोणाला दाखवता येत नाही. गर्दीत कोणी खांद्याला खांदा लागला की झटकन बाजूला होतो. ज्याला बिजलीनं धरून सोडलं आहे त्यानं हे धरून चालावं, आणि घरच्यांनीही.

दोन वर्षांनी मला कारंज्याच्या त्या जिनातून बोलावणं आलं, नवे दिवे घालायचे होते म्हणून. आवारात शिरलो तर कापसाच्या ढिगावर बायकांचा घोळका. माझ्या हाताकडे बोट करून दोघीतिघी कुजबुजल्या. मी सवयीनं हात धोतराआड नेला. तेवढ्यात ढिगावरून मोठ्यानं हाक आली, "ए बिजलीवाल्या! इकडं ये!"

सोमली उतरून आली. केस पांढरे झाले होते. तिनं माझा दंड धरला, मला घोळक्यासमोर ओढत नेलं आणि तो हात धोतराआडून काढून सगळ्यांना दिसेल असा वर केला.

"पाहा ओ बायाहो," ती म्हणाली. "मी सांगत होती ना, वाशीमच्या जिनात एक मानूस मरत होता अन् मी वाचवला? तुमाले खोटं वाटे. हाच थो. मी वाचवलेला."

बायका जवळ आल्या आणि पाहायला लागल्या. मी हात वरच ठेवला.